अण्णांचा रिलीव्हर

भैय्याची अट एकच होती. अण्णा रोज दिसले पाहिजेत. नुसता आवाज चालणार नाही, तोंड दिसलं पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाहीत त्या दिवशी तो हैदराबादहून गाडी काढून पूर्णेला येणार आणि अण्णांना घेऊन जाणार, मग कुणाचं काही ऐकणार नाही. हे तो आईच्या चौदाव्याला बोलला, जेवणं उरकल्यावर, पत्रावळी उचलणाऱ्या माणसांच्या मधोमध उभं राहून. माझ्या थोरल्या भावाला जागा आणि वेळ कधीच कळली नाही. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, पायाशी उलटी पडलेली चप्पल सरळ केली आणि आत गेले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. परभणी-पूर्णेच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर पूर्णेला, रेल्वे कॉलनीच्या मागे, घर बांधलं. जागा घेताना लोकांनी सांगितलं होतं की इथं गाड्यांचा आवाज फार येतो. अण्णांनी ती जागा त्याच्यासाठीच घेतली होती. सकाळी आंघोळ करून टोपी घालायची, स्टेशनावर जायचं, ठरलेल्या बाकावर बसून दोन-चार गाड्या जाताना बघायच्या, येताना भाजी आणायची. आई असतानाही हेच, आई गेल्यावर दहावं होईपर्यंत खंड पडला तेवढाच. चौदाव्याच्या संध्याकाळी मी भांडी पुसत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मला इथून हलवू नका, बाई,” ते म्हणाले. “इथं मला कळतं किती वाजले ते.”

मी बरं म्हणाले. त्यापेक्षा जास्त बोलण्याची ताकद माझ्यात नव्हती. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवायचे, जणू त्यांचीच आई गेली आहे. वेळेवर भूक लागायची, वेळेवर झोप यायची. आई गेली हे मला माहीत होतं, जसं आज कोणता वार आहे ते माहीत असतं. त्यापुढे काही नाही. आतून सगळं सुन्न होतं आणि ते सुन्न असणं सोयीचंही होतं, कारण करायची कामं पुष्कळ होती.

आई गेली ती नांदेडच्या दवाखान्यात. मी पुण्याहून येणाऱ्या गाडीत होते, भैय्या रस्त्यात होता. तिच्याजवळ एकटे अण्णा होते. आम्ही पोचलो तेव्हा ते खोलीबाहेरच्या खुर्चीत ताठ बसलेले होते. “गेली,” एवढंच म्हणाले. भैय्यानं पुढं दोन-तीनदा खोदून विचारलं, शेवटी काय बोलली, काही सांगितलं का. अण्णा दर वेळी “काही न्हाई” म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. मग त्यानंही विचारणं सोडलं.

तर अण्णा रोज दिसायला हवेत, याची सोय मला करायची होती. फोनचा प्रयोग आधी फसला होता. अण्णांच्या बोटांना थरथर आहे. काचेवर बोट टेकवायला जावं तर एकाच्या जागी भलतंच काही उघडतं, आणि कॉल लागलाच तर आम्हाला त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. पंख्याची तब्येत बघून भैय्याचं समाधान होणार नव्हतं. बाहेरच्या खोलीत मात्र भैय्याच्या शिक्षणाच्या वेळचा, मग कुणीच न वापरलेला कंप्युटर होता. आईनं त्यावर क्रोशानं विणलेलं झाकण घातलं होतं. मध्ये एकदा भैय्यानं त्याला कॅमेरा लावून दिला होता, पण तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात कुकर होऊन जायचा. आणि सुरू झाला की कोपऱ्यातून इशारे सुरू व्हायचे, हे जुनं झालंय, ते धोक्यात आहे. अण्णा प्रत्येक इशारा चष्मा लावून वाचायचे आणि हात मागे घ्यायचे. धोका लिहिलंय म्हटल्यावर पुढं जायचं नाही, कुणी मोठा साहेब येऊन बघेपर्यंत सगळं जागच्या जागी. असा तो कंप्युटर महिनोन्महिने साहेबाची वाट बघत पडून होता.

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण आहे. तिनं तिच्या सासूबाईंसाठी एक साधी ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली होती. मोफत मिळते, जुन्या यंत्रावरही पळते, इशारे-बिशारे काही नाहीत, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. सासूबाई आता भिशीचा हिशेबसुद्धा त्यावर ठेवतात म्हणे. मी तिच्याकडून ती पेन ड्राइव्हवर घेतली होती, खरं तर आईसाठीच. आईला पाककृती बघायच्या होत्या. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी तो पेन ड्राइव्ह पर्समधून काढला आणि क्रोशाचं झाकण घडी करून बाजूला ठेवलं.

दुपार होती. पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरत होती. तिच्याकडं बघत बसणं मला बरं वाटत होतं, कारण तिला माझ्याकडून काही नको होतं. अण्णा पाठीमागं हात बांधून उभे होते.

“काय करायलीस?”

“जुनं काढून नवं टाकायलेय.”

“सगळंच काढायलीस?”

“सगळंच. फोटो आधीच बाजूला ठेवलेत.”

“मग मधल्या वेळात ह्याचा ताबा कुणाकडं?”

“कुणाकडंच न्हाई, अण्णा. थोड्या वेळाचा तर प्रश्न हाय.”

“थोडा वेळच लय असतो,” अण्णा म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. पट्टी भरली, यंत्र एकदा मिटलं आणि उघडलं. निळा स्वच्छ पडदा आला. मी त्यावर चारच चित्रं ठेवली, तळहाताएवढी मोठी. एक माझा चेहरा, एक भैय्याचा, एक पेपर वाचायला आणि एक जुन्या गाण्यांसाठी. चेहऱ्यावर माऊस नेऊन दाबलं की त्या माणसाला फोन लागणार. बाकी सगळं आत लपवून टाकलं. पासवर्ड काढून टाकला तेव्हा अण्णांना ते आवडलं नाही. कुणी पण येऊन बसेल, म्हणाले. पडद्यावर मागे आईचा फोटो लावू का, असं मी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “कामाच्या जागी नको.”

त्यांचा हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. पुष्कळ शब्द तसे सोडत होते.

शिकवायला बसले तेव्हा माझा अंत बघितला त्यांनी. ते माऊस चित्रावर नेत आणि मोठ्यानं म्हणत, “मुलीच्या फोटोवर आलो.” आणि थांबत. मी म्हणायचे, “हं, दाबा.” ते दाबत नसत. पुन्हा म्हणत, “मुलीच्या फोटोवर आलो.” माझं डोकं फिरायची वेळ आली. तिसऱ्या खेपेला मी चिडून त्यांचेच शब्द त्यांना परत फेकले, “मुलीच्या फोटोवर आलात!” आणि अण्णांनी लगेच बटण दाबलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लहानपणी स्टेशनावर डबा घेऊन गेले की हे ऐकलेलं होतं. पलीकडच्या स्टेशनाचा मास्तर फोनवर बोलायचा, अण्णा त्याचे शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. परत म्हटल्याशिवाय गाडी सुटायची नाही. ऐकलं, कळलं, हं, बरं, याला तिथं किंमत नव्हती. मग मीही प्रत्येक वाक्य परत म्हणू लागले आणि अण्णा संध्याकाळपर्यंत तरबेज झाले. माझ्या ऑफिसातले साहेब लोक इतक्या लवकर शिकत नाहीत.

एकच अडचण उरली होती. आम्ही फोन केला तर तो घ्यायचा कसा? घंटी वाजली की अण्णांचा हात थरथरायचा आणि भलतंच दाबलं जायचं. म्हणून मी असं करून ठेवलं की फोन आला की तो आपोआप उचलला जाईल. दाबायचं काहीच नाही.

“फक्त कंप्युटर बंद करायचा न्हाई,” मी सांगितलं. “चालूच राहू द्यायचा. मी करीन, भैय्या करील, कव्हाबी.”

“कव्हाबी,” अण्णा म्हणाले. “चालूच राहू द्यायचा. मग बसायचं कुणी?”

“तुमीच की. दुसरं कोण हाय?”

“हाव. दुसरं कोण हाय,” अण्णा म्हणाले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. मी पिशवी भरायला आत गेले.

पुण्याला परत आल्यावर सगळं इतकं छान चाललं की भैय्याचा आवाज मऊ झाला. सकाळी फोन करा, अण्णा हजर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत करा, हजर. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केस विंचरलेले, पाठ ताठ. “ठीक हाय,” म्हणायचे. “जेवलात का?” “जेवलो.” “औषध घेतलं?” “घेतलं.” भैय्या तर म्हणायला लागला की आपले अण्णा ह्या वयात काय भारी निघाले, आमच्या सोसायटीतले म्हातारे बघ. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, अण्णांसाठी रिकामी केलेली खोली परत इस्त्रीच्या कपड्यांनी भरून टाकली. मी सुटकेचा श्वास वगैरे टाकला नाही. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. पण एक काम नीट झालं, अशी नोंद मनात झाली.

आता मागे वळून बघते तर सगळं समोर दिसत होतं. कधीही फोन लावला तरी खुर्ची एकदाही रिकामी नव्हती. ज्या माणसाला सकाळी घरात थांबणं माहीत नाही तो सकाळी कधीही बघावं तर घरात. दाढीचे खुंट वाढत चालले होते. शर्ट तोच असायचा, बटण तेवढं लावलेलं. मागच्या खिडकीचा पडदा कधी उघडलेला दिसला नाही. मी हे पाहत होते आणि “ठीक हाय” एवढं ऐकून फोन ठेवत होते.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला. ह्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, आईच्या जिवाभावाच्या.

“अगं माय, तुझे अण्णा दिसंनात गं,” त्या म्हणाल्या. “ठेसनाकडं जायनात, भाजीला येईनात. मी डबा दिला तर दारातूनच घेतात, अन् पळत माघारी जातात. दिवसभर त्या कंप्युटरसमोर बसून राहायलेत. पाय बघ जाऊन कसे फुगलेत ते. असं काय दाखवायलाव तुमी त्यांना त्याच्यात?”

आम्ही काहीच दाखवत नव्हतो. मी भैय्याला सांगितलं आणि त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. नाद लागलाय, म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना लागतो, एकटं राहून डोक्यावर परिणाम होतो. झालं तेवढं पुरे. रविवारी येतो आणि घेऊन जातो.  मी शनिवारची सुट्टी टाकली आणि शुक्रवारी रात्री नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसले.

सकाळी घरी पोचले तर दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा खुर्चीत होते. त्यांची गादी आतल्या खोलीतून ओढून टेबलाच्या पायाशी आणलेली होती. बाजूला पाण्याचा तांब्या, बिस्किटाचा पुडा, औषधांची पिशवी. पाय खरोखरच सुजलेले होते, चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद नव्हता. मोकळेपण होतं. नोकरीत असताना, रात्रपाळीनंतर सकाळी बदली माणूस स्टेशनात शिरला की त्यांच्या चेहऱ्यावर ते यायचं.

“आलीस? बस इथं,” अण्णा उठून म्हणाले. “फोन चालू हाय. आवाज मोठा हाय. मी आंघोळ करून येतो.”

मी बॅग ठेवून खुर्चीत टेकले. ते न्हाणीत गेले. पाणी ओतल्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला, जसं काही ते महिन्याभराची आंघोळ करत होते. मला चहाची तल्लफ आली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आधण ठेवलं.

“खुर्ची सोडली?”

अण्णा न्हाणीच्या दारात उभे होते, अंगावर पंचा, केसांतून पाणी गळत होतं. माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही अशा माणसाचा तो आवाज होता.

“चहा ठेवायला आले, अण्णा. कुणाचा फोन न्हाई आला.”

“आला असता म्हंजे? चालू हाय ते. चालू सोडून कुणी जातं का?”

“मी चालू ठेवा म्हणले होते. बसून राहा न्हाई म्हणले.”

“कुणी बसायचं, म्हणून मी विचारलं का न्हाई? ‘तुमीच की,’ म्हणलीस. ‘दुसरं कोण हाय,’ म्हणलीस.”

आमच्या घरात एक शब्द होता, रिलीव्हर. अण्णांची पाळी संपली की त्यांच्या जागी येणारा मास्तर. दुसऱ्यांच्या घरी पाऊस आला का विचारतात तसं आमच्याकडे रिलीव्हर आला का विचारायचे. तो नाही आला तर अण्णा उठायचे नाहीत. दुसरी पाळी तिथंच, डबा तिथंच, एकदा ताप होता तरी तिथंच. रिलीव्हर आला की समोरासमोर उभं राहून सगळं सांगायचं, त्यानं परत म्हणायचं, “चार्ज घेतला,” म्हणजे ताबा घेतला, असं तोंडानं म्हणायचं, आणि मगच खुर्चीतून उठायचं. मी आणि भैय्या पेरूच्या झाडावर एकच चांगली फांदी होती तिच्यासाठी हाच खेळ खेळायचो. आणि मी, त्याच घरात वाढलेली, ह्या माणसाला सांगून गेले होते की यंत्र चालू राहील, कधीही फोन येईल आणि दुसरं कुणी नाही.

मी म्हणाले, अण्णा, हे स्टेशन नाही. तुम्ही समोर नसलात तर आम्ही पुन्हा फोन करू. यात कुणाचा जीव जात नाही.

अण्णा गॅसवरच्या पातेल्याकडे बघत होते.

“त्या दिवशी मी बी चहालाच गेलतो,” ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही कोणत्या दिवशी.

“रात्रभर बसलो तिच्यापाशी. तुमी दोघं रस्त्यात. डोळे लय चुरचुरायले. एक नर्सबाई आली, तिला म्हणलं, मी खाली जाऊन चहा घेऊन येतो, जरा बघता का हिच्याकडं? तिनं मान हलवली.”  पंचाच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं. “मी खाली गेलो. चहा गरम होता, म्हणून फुंकून फुंकून प्यायलो. वर आलो तर संपलेलं. खोलीत कुणी न्हाई. तिची काय चूक? तिला दहा पेशंट. तिनं चार्ज घेतलाच नव्हता. नुसती मान हलवली. मान हलवणं म्हंजे घेतला असं न्हाई होत. सारी नोकरी मी कुणाचं नुसतं मान हलवणं खरं धरलं न्हाई, तोंडानं म्हणवून घेतलं. अन् त्या दिवशी धरलं.”

“तुमी असता तरी ती गेलीच असती, अण्णा.”

“गेली असती,” अण्णा म्हणाले. “खुर्ची रिकामी नसती.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला. मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही, त्या नर्सबाईचा नाही, अण्णांचा तर नाहीच. कदाचित आईचा, की ती चहा पिऊन होईपर्यंत थांबली नाही. असा विचार मनात आल्याचंही मला काही वाटलं नाही. मी अण्णांना कोरडे कपडे दिले आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. ते आतल्या खोलीत पलंगावर आडवे झाले आणि दुपार टळेपर्यंत झोपले.

रविवारी भैय्या आला. गाडीची डिकी रिकामी करून आणली होती, अण्णांच्या सामानासाठी. वहिनीनं वाटेत अण्णांना मळमळलं तर म्हणून लिंबू-आलं दिलं होतं. मी त्याला अंगणातच अडवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चहाचंही सांगितलं. तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत ऐकत होता. मला वाटलं, आता म्हणेल, म्हणूनच तर न्यायला आलोय. तो चपला काढून आत गेला.

अण्णा पुन्हा खुर्चीत बसलेले होते. भैय्या त्यांच्या शेजारी जाऊन सरळ उभा राहिला. केस पिकायला लागलेला माणूस, शाळेत उभं राहतात तसा.

“अण्णा, चार्ज द्या,” तो म्हणाला.

अण्णांनी मान वर केली. “कुणाला?”

“मला.”

अण्णा खुर्चीतच ताठ झाले. मग स्टेशनातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “फोन चालू. आवाज मोठा. कुणाचा निरोप न्हाई.”

“फोन चालू. आवाज मोठा. कुणाचा निरोप न्हाई.”

“घेतला?”

“चार्ज घेतला, अण्णा. तुमी जा.”

अण्णा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, पायाला लागत असूनही चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले. स्टेशनाच्या दिशेनं. मी भैय्याला म्हणाले, आता ऊठ, पोहे खा, कुणी फोन करणार नाहीये, फोन करणारे आपण दोघंच, आणि दोघंही इथंच आहोत. तो उठला नाही. मी पोह्याची ताटली तिथंच नेऊन दिली. अण्णा भाजीची पिशवी घेऊन परत येईपर्यंत तो त्या खुर्चीतच बसून होता, दोन्ही हात टेबलावर ठेवून. गाडीची किल्ली शेजारी तशीच पडली होती. संध्याकाळी तो रिकाम्या डिकीनिशी हैदराबादला परत गेला. अण्णा कुठं राहणार, हा विषय पुन्हा निघाला नाही.

जाण्याआधी मी कंप्युटर बंद करायचं पाचवं चित्र पडद्यावर आणलं, लाल. रात्री बंद करायचा. शेवटची गाडी गेल्यावर स्टेशन बंद, असं सांगितल्यावर अण्णांना ते लगेच पटलं. सकाळी ते सुरू करतात, मला फोन लावतात, सगळं सांगतात, मी परत म्हणते आणि चार्ज घेते. मग ते स्टेशनावर जातात. फोन मात्र चालूच असतो. मी ऑफिसात टेबलावर माझा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते. त्यात आमची बाहेरची खोली दिसते. खिडकीचा पडदा आता उघडलेला असतो. खुर्चीच्या पाठीवर आईचं क्रोशाचं झाकण, खुर्ची रिकामी. पाठीमागून कधी गाडीची शिट्टी येते. अण्णा परत आले की खुर्चीत बसून म्हणतात, “आलो.” मी म्हणते, “आलात.” मग मी फोन बंद करते.

परवा त्यांना यायला वेळ झाला. गाडीला उशीर झाला असेल, ते ती बघितल्याशिवाय उठत नाहीत. इकडे चहाची वेळ झाली. मैत्रीण उठून उभी राहिली.

“चल ना,” ती म्हणाली.

“अण्णा आले नाहीत अजून.”

“अगं, नुसती खुर्ची आहे ती. त्यात काय बघायचंय?”

 मी म्हणाले, तू जा. ती गेली नाही. परत खाली बसली आणि म्हणाली, माझा चहा झालाय मघाशी, तू जाऊन ये. भली बाई आहे. मी फोन उचलून तिच्या टेबलावर ठेवला, तिला खुर्ची नीट दिसेल असा.

“बघशील ना?” मी विचारलं.

तिनं कामातून डोकं न काढता मान हलवली.

मी दारापर्यंत गेले. जिन्यावरून चहाचा वास येत होता. तिथून मी परत फिरले आणि तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं आणि घाबरून माझा हात धरला. माझ्या तोंडावर पाणी आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आई गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते.

“मान नको हलवूस,” मी तिला म्हणाले. “तोंडानं सांग.”